अमानावर प्रेमकादंबरी लिहिताय? आधी स्वयंपाकघर समजून घ्या

अमाना हा अमेरिकेतला जर्मन ख्रिस्ती समाज, पण तो म्हणजे यंत्रं टाळणारे आमिश पंथीय नव्हेत. बहुतेक नवखे इथेच घसरतात. आयोवा राज्यातल्या त्यांच्या सात गावांना यंत्रांचं वावडं नव्हतं, लोकरीच्या गिरण्या त्यांच्याच.

1932 पर्यंत मालमत्ता सामाईक होती. घरोघरी स्वयंपाकघर नसेच, त्यामुळे नायिका घरी नायकासाठी पाव भाजतेय हा प्रसंग काढून टाका. सामाईक स्वयंपाकघरात 30-40 माणसांचं जेवण व्हायचं. पुरुष एका टेबलाशी, बायका दुसऱ्या, आणि जेवताना गप्पा नाहीत. शालेय शिक्षण संपलं की मुलगी तिथेच कामाला जुंपली जायची. म्हणजे कुजबुज, रुसवे, निरोपानिरोपी सगळं भाजी निवडताना, तेही मुख्य बाईच्या नजरेखाली. तुमची निम्मी कादंबरी इथे घडायला हवी.

संघर्षासाठी खलनायक शोधू नका, लग्नाचे नियम पुरेसे आहेत. पुरुषाला 24 व्या वर्षाआधी परवानगी नसे. वडीलधाऱ्यांची संमती मिळाली तरी सुमारे वर्षभर थांबायचं, बऱ्याचदा वेगवेगळ्या गावांत. वर लग्न केलं की धर्मसभेतला दर्जा उतरायचा! देव जिच्या तोंडून बोलतो असं हा पंथ मानायचा, त्या बार्बरा हाइनेमानने 1823 मध्ये लग्न केलं, तेव्हा तिची ईश्वरी प्रेरणाच गेली असं मानलं गेलं. नायिकेच्या मनातली भीती यातून उभी करा.

देखणा तरुण पाळकही नको. पगारी पाळक नव्हतेच, सभा वडीलधारे चालवत. बाहेरचा माणूस हवाच असेल तर तो सात गावांपैकी होमस्टेडला उतरवा. रेल्वे तिथे यायची.