‘ताई, डॉक्टर बदलू का?’

“ताई, मी डॅलसजवळ राहते. पहिलटकरीण आहे, 22वा आठवडा चालू आहे. इथल्या एका मोठ्या दवाखान्यात नाव घातलंय. सहा डॉक्टर आणि दोन मिडवाइफ आहेत. आतापर्यंत चार वेळा गेले, चारही वेळा वेगळ्याच डॉक्टर. दीड तास बसायचं आणि सात मिनिटांत बाहेर. मंडळातली एक मैत्रीण म्हणते, तिथल्या डॉक्टर म्हणजे देवमाणूस, तिची दोन्ही बाळंतपणं तिथेच झाली. दुसरी म्हणते, तिकडे पाऊलसुद्धा टाकू नकोस. गेल्या शनिवारी डोकं फार दुखत होतं म्हणून रात्री फोन केला. ‘डॉक्टर कॉल करतील’ म्हणाले. सोमवारपर्यंत कोणाचा फोन नाही. सोमवारी फ्रंट डेस्कवरची बाई म्हणाली, तुम्ही पुन्हा करायचा होतात. नवरा म्हणतो, बदलून टाकू. सासूबाई म्हणतात, अर्ध्यातून डॉक्टर बदलू नयेत. आई आठव्या महिन्यात सांगलीहून येणार आहे, तिला इंग्रजी येत नाही. तिला काय सांगून ठेवू?”

हे पत्र मिळालं त्याच दिवशी मी हिला कळवलं की बाकीचं राहू दे, आधी जाऊन बीपी तपासून घे. ती गेली. 118/74 निघालं, लघवीतही प्रथिनं नव्हती. म्हणून आता निवांतपणे लिहिते आहे, आणि सगळ्यांसाठी लिहिते आहे, कारण याच अर्थाची पत्रं मला वरचेवर येतात.

अगं, तुझ्या दोन्ही मैत्रिणी खरं बोलताहेत. आपल्याकडे दिवस राहिले की एका डॉक्टरबाईंकडे नाव घालायचं, नऊ महिने त्याच बघणार, रात्री दोनला कळा सुरू झाल्या तरी त्याच येणार, ही आपली सवय. अमेरिकेतल्या मोठ्या ग्रुपमध्ये डॉक्टरांच्या पाळ्या असतात. ज्या रात्री तू हॉस्पिटलात पोचशील त्या रात्री जिची पाळी, ती तुझं बाळंतपण करणार. कदाचित तिला तू आयुष्यात पहिल्यांदा बघत असशील. तुला दर वेळी वेगळ्या डॉक्टरकडे पाठवतात तेही म्हणूनच, निदान तोंडओळख तरी व्हावी. तेव्हा एका पाटीखाली प्रत्यक्षात आठ माणसं काम करतात, फोन घेणारे वेगळे, बिलं पाठवणारे त्याहून वेगळे. एकीच्या वाट्याला एक आलं, दुसरीच्या वाट्याला दुसरं.

माझी मुलगी 2008 साली न्यू जर्सीत झाली. 34वा आठवडा होता. एका सकाळी बोटातली अंगठी निघेना. साबण लावला, तेल लावलं, शेवटी सुईदोरा गुंडाळून काढली तेव्हा बोटावर जांभळा वळ उठला होता. दवाखान्यात फोन केला. नर्स म्हणाली, या दिवसांत सूज येतेच, पाय वर करून झोपा. मी ‘थँक यू’ म्हणून फोन ठेवला. डोकं दोन दिवसांपासून ठणकत होतं, ते तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दोन दिवसांनी ठरलेल्या तपासणीला गेले तर बीपी 164/108. तिथूनच थेट हॉस्पिटलात नेलं. त्या रात्री पाळीवर असलेल्या डॉक्टरबाईंना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मॅग्नेशियमचं सलाईन सुरू करण्याआधी त्या खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, आता अंगात निखारे ओतल्यासारखं वाटेल, घाबरू नका, हे झटके येऊ नयेत म्हणून आहे. तसंच वाटलं, आणि त्यांनी आधी सांगितलं होतं म्हणूनच मी घाबरले नाही. पहाटे मुलगी झाली. बारा दिवस ती काचेच्या पेटीत होती, आज ती कॉलेजात आहे. फोनवरची नर्स आणि उशाशी बसलेल्या डॉक्टर, दोघी एकाच दवाखान्याच्या. तो दवाखाना कसा आहे असं मला कोणी विचारलं तर मी काय सांगावं?

म्हणून मैत्रिणींना ‘कशा आहेत गं डॉक्टर?’ असं विचारू नकोस. जिला नऊ महिन्यांत एकदाही अवेळी फोन करावा लागला नाही, तिचं मत खरं असलं तरी तुझ्या उपयोगाचं नाही. तिला विचार, रात्री कधी फोन केला होतास का, किती वेळात उलट फोन आला? काही बिघडलं तेव्हा कोणी नीट समजावलं का? कळा चालू असताना जे केलं ते तुला विचारून केलं का? आणि जी ‘पाऊल टाकू नकोस’ म्हणते तिला नेमकं काय झालं ते शांतपणे सांगायला लाव. माझ्या ओळखीच्या एका घरात एका डॉक्टरवर वर्षभर राग होता, कारण त्यांनी नवऱ्याला खोलीबाहेर काढलं आणि बायकोला विचारलं, घरी तुम्हाला कोणी मारहाण करतं का? त्या कुटुंबाला तो अपमान वाटला. खरं तर हा प्रश्न इथे सगळ्याच गरोदर बायकांना एकटं गाठून विचारायचा असतो, आणि ज्या बाईला तो लागू असतो तिच्यासाठी ती दोन मिनिटं फार मोलाची असतात.

दीड तास बसणं, सात मिनिटांत बाहेर, तोडून बोलणारी फ्रंट डेस्कची बाई, याचा त्रास होतो हे मला मान्य आहे. पण एवढ्यावरून डॉक्टर बदलू नकोस. नव्या ठिकाणीही कळा सुरू असणाऱ्या बायका असतीलच, आणि त्यांच्यासाठी डॉक्टर धावल्या की बाहेरच्यांना थांबावं लागणारच. सात मिनिटं पुरवायची असतील तर प्रश्न लिहून ने आणि आत आल्या आल्या सांग, माझे तीन प्रश्न आहेत.

शनिवारच्या फोनची गोष्ट मात्र मी सोडून देणार नाही, तूही देऊ नकोस. 20 आठवड्यांनंतर थांबत नसलेली डोकेदुखी हे बीपी चढल्याचं लक्षण असू शकतं. या वेळी तसं नव्हतं, पण ते त्यांना शनिवारी कुठे ठाऊक होतं? पोर्टलवर, म्हणजे दवाखान्यातल्या तुझ्या ऑनलाइन खात्यावर, दवाखान्याच्या मॅनेजरच्या नावाने लिही: अमुक तारखेला अमुक वाजता फोन केला, डोकेदुखी सांगितली, 36 तास कोणी संपर्क केला नाही. हे कसं झालं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार आहात? लेखीच लिही, म्हणजे नोंद राहते. आपल्याला डॉक्टरांना असं विचारणं जड जातं, उलट बोलल्यासारखं वाटतं. तसं नाहीये. चूक झाली असं मोकळेपणाने म्हणून पुढची पद्धत सांगितली, तर खुशाल राहा. टोलवाटोलवी केली, किंवा सोमवारसारखं तुझ्याच माथी मारलं, तर बदल. सासूबाईंना सांग, अर्ध्यातून बदलणं इथे सर्रास होतं, त्यात अपशकुन काही नाही.

मात्र वेळ कमी आहे. 28 ते 32 आठवड्यांनंतर नवीन गरोदर बाईला घ्यायला बरेच दवाखाने नाही म्हणतात. तुझी शुगरची तपासणी 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान होईल. ती टाळू नकोस, आपल्या लोकांत गरोदरपणातला मधुमेह जास्त आढळतो. तोवर हा निर्णय झालेला असू दे. नवीन ठिकाणची तारीख हातात आल्याशिवाय जुनं सोडायचं नाही, मध्ये एक आठवडाही डॉक्टरविना राहू नकोस. सगळे रिपोर्ट पोर्टलवरून उतरवून घे. तुझी संपूर्ण फाईल मागायचा कायद्याने तुला हक्क आहे, ती द्यायला त्यांना 30 दिवसांची मुदत असते, म्हणून आजच मागून ठेव. इन्शुरन्सला फोन करून दोन वेगवेगळे प्रश्न विचार: नवा दवाखाना नेटवर्कात, म्हणजे त्यांच्या करारातल्या यादीत, आहे का, आणि ते ज्या हॉस्पिटलात बाळंतपण करतात ते आहे का? पैशांचं एक सांगते. इथे तपासण्या, बाळंतपण आणि नंतरची भेट यांचं डॉक्टरांचं बिल बहुधा एकत्र लावतात. मध्ये सोडलंस तर जुन्यांनी फक्त झालेल्या भेटींचं बिल लावायला हवं, ते तपासून घे. हॉस्पिटल, भूलतज्ज्ञ आणि बाळाचे डॉक्टर यांची बिलं वेगळी येतात, ती पाहून दचकू नकोस.

नव्या ठिकाणी मी काय विचारलं असतं ते सांगते. रात्रीचा फोन कोण घेतं आणि किती वेळात उलट येतो. तुमचं हॉस्पिटल कोणतं, आणि बाळ लवकर आलं तर तिथे त्याची सोय आहे का. पहिलटकरणींत सिझरचं प्रमाण किती? कमी जोखमीच्या पहिल्या बाळंतपणांत ते 23.6 टक्क्यांवर आणायचं राष्ट्रीय उद्दिष्ट इथल्या सरकारने 2030 साठी ठेवलेलं आहे, तेव्हा या प्रश्नाने कोणाला राग यायचं कारण नाही. 39 आठवड्यांनंतर औषधं वगैरे देऊन कळा आणण्याबद्दल तुमचं धोरण काय, हेही विचार. ‘त्यांनी मला जबरदस्तीने कळा आणल्या’ अशी तक्रार आपल्या बायका फार करतात. 2018 साली इथे 6,000 हून अधिक पहिलटकरणींवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 39व्या आठवड्यात कळा आणलेल्या कमी जोखमीच्या बायकांत सिझरचं प्रमाण 18.6 टक्के होतं, वाट पाहिलेल्यांत 22.2. म्हणजे सुचवण्यात वावगं काही नाही. न समजावता, न विचारता करणं मात्र चूक, आणि त्या बायकांचं दुखणं बहुतेक वेळा तेच असतं.

राहिलीस काय आणि बदललंस काय, एक काम दोन्हीकडे करायचं आहे. बीपीचं मशीन घरी आण, दंडाला लावायचं, मनगटाचं नको. पाच मिनिटं टेकून बसायचं, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीला, आणि मग मोजायचं. 140/90 किंवा वर गेलं तर त्याच दिवशी फोन. 160/110 पर्यंत पोचलं, म्हणजे दोन्हींपैकी एक आकडा जरी, तर फोनची वाट न पाहता हॉस्पिटलच्या प्रसूती विभागात. तसंच रक्तस्राव, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, दम लागणं, 100.4च्या वर ताप, किंवा पुढे बाळाची हालचाल मंदावणं. बाळंतपणानंतरही बीपी चढतं, त्यामुळे मशीन लगेच कपाटात टाकू नकोस.

आणि फोनवर कसं बोलायचं ते माझ्या अंगठीवरून शीक. ‘थोडं बरं वाटत नाही’ म्हणायचं नाही. आठवडा सांग, केव्हापासून होतंय ते सांग, आकडा सांग. ‘22 आठवडे, कालपासून डोकं दुखतंय, टायलेनॉल (म्हणजे आपलं पॅरासिटामॉल) घेऊन चार तास झाले, उतरलं नाही, बीपी इतकं.’ कोणी नाही विचारलं तरी सांगायचं. अर्ध्या तासात उलट फोन नाही आला तर पुन्हा करायचा. त्यातही काही नाही झालं तर निघायचं. कळा किंवा तातडीचा त्रास घेऊन तू इमर्जन्सीत पोचलीस, तर इन्शुरन्स असो-नसो, तुला तपासल्याशिवाय हॉस्पिटल परत पाठवू शकत नाही, 1986 पासून तसा कायदा आहे. मनाने खचल्यासारखं वाटलं, आत्ता किंवा नंतर, तर गरोदर आणि बाळंत बायकांसाठी सरकारी हेल्पलाइन आहे, 1-833-852-6262, चोवीस तास, मोफत.

आता आईचं. आई महिने मोजणार आणि दवाखाना आठवडे, त्यावरून रोज गोंधळ होईल, तेव्हा कॅलेंडरवर दोन्ही लिहून ठेव. डिंकाचे-अळिवाचे लाडू, शेक-शेगडी, तेल लावणं, हे सगळं तिला करू दे, तिने ते मनात धरलेलं असतं. फक्त बाळाला मध चाटवायचा नाही, वर्षभर नाही. आणि नवरा घरी नसताना, तूही बोलण्याच्या स्थितीत नसताना, तिच्यावर वेळ आली तर? मी माझ्या आईसाठी केलं होतं तेच कर. एका कागदावर मोठ्या देवनागरी अक्षरांत लिही: ‘माय डॉटर इज प्रेग्नंट. शी नीड्स अँब्युलन्स.’ खाली घराचा पत्ता, तोही देवनागरीत, जसा बोलायचा तसा. वर 911, इथला तातडीच्या मदतीचा नंबर. फ्रिजवर लाव, आणि आई आली की दुसऱ्याच दिवशी तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घे. माझ्या आईला पहिल्यांदा ‘अँब्युलन्स’पाशी हसू आलं होतं. चार दिवसांनी ती पोळ्या लाटता लाटता पत्त्यासकट सगळं न बघता म्हणायला लागली.