मत द्यायचं वय नाही, मग प्रचार करावा का?

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत आहे. सोसायटीतल्या मोठ्या मुलांसोबत त्याला एका उमेदवाराच्या प्रचाराला जायचंय. पत्रकं वाटायची, पदयात्रेत झेंडा धरायचा, रील टाकायच्या, असं काम आहे. पाठवू का?
– एक पालक, सिंहगड रस्ता

उत्तर : नका पाठवू. भारत निवडणूक आयोगाने ५ फेब्रुवारी २०२४ रोजी सगळ्या पक्षांना बजावलं आहे की पत्रकवाटप, घोषणा, फेऱ्या, सभा अशा कुठल्याही प्रचारकामात मुलांना घ्यायचं नाही. त्याच्या मुळाशी मुंबई उच्च न्यायालयाचा ४ ऑगस्ट २०१४ चा आदेश आहे. तुमच्यासोबत तो सभा ऐकायला आला, तर त्यात काही गैर नाही; फक्त प्रचाराचं काम करायचं नाही.

'बालकामगार कायदा चौदाच्या आतल्यांसाठी आहे, हा तर सोळाचा,' असं कार्यकर्ते सांगतील. ऐकू नका. उच्च न्यायालयाचा आदेश अल्पवयीनांबद्दल आहे, म्हणून रेघ अठराचीच धरा. महापालिकेची निवडणूक भारत निवडणूक आयोग नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो; तरी तिथेही हाच नियम घरापुरता पाळा.

रीलचं काम सगळ्यांत निरुपद्रवी वाटतं, पण अडकायला होतं ते तिथेच. विरोधकाबद्दलचा खोटा मजकूर त्याच्या खात्यावरून गेला, तर विचारणा खातं आणि सिम ज्याच्या नावावर त्याच्याकडे होते, आणि सिम बहुधा आई-वडिलांच्या नावावर असतं. पत्रकाचंही तसंच. मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता नसलेलं पत्रक छापणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ खाली गुन्हा आहे. असा गठ्ठा हातात आला, तर कुणी दिला हे सांगायची वेळ मुलावर येते.

त्याची आवड मात्र मोडू नका. उमेदवाराचं शपथपत्र सगळ्यांना पाहता येतं. शिक्षण, गुन्हे, मालमत्ता, देणी हे सगळं त्यात असतं. आपल्या भागातल्या प्रत्येक उमेदवाराचं शपथपत्र त्याला वाचू द्या. आधी निवडणूक लढवली असेल, तर जुनं शपथपत्र शेजारी ठेवून दोन्हींतल्या मालमत्तेचे आकडे वहीत उतरवायला सांगा. स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता वेगवेगळ्या रकान्यांत असते. घाईत पहिलाच रकाना वाचला की बेरीज चुकते. महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवते, तेव्हा रस्त्यावरचा बंद दिवा किंवा तुटका पदपथ यांबद्दल तुमच्या नावाने अर्ज भरा, पण जागा पाहून नेमकी खूण लिहायचं काम त्याला द्या. 'चौकाजवळ' एवढंच लिहिलं, तर कुठल्या चौकाजवळ हे कुणाला कळणार? दुकानाचं नाव, खांबाचा क्रमांक लिहायला लावा. नगरसेवकाकडून काम करून घेणं इथून शिकता येतं, आणि झेंडा धरण्यापेक्षा ते कितीतरी मोलाचं आहे.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे. लातूरहून येऊन सदाशिव पेठेत वसतिगृहात राहते. मतदार यादीत नाव कधी आणि कुठे नोंदवू?

उत्तर : आत्ताच अर्ज करता येईल. सतरा पूर्ण झाली की नमुना ६, म्हणजे नवीन मतदार नोंदणीचा अर्ज, आगाऊ भरता येतो. अर्हता तारखा, म्हणजे वय ज्या दिवशी मोजतात त्या तारखा, वर्षातून चार : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या दिवशी किंवा त्याआधी अठरा पूर्ण हवीत. म्हणजे १ ऑक्टोबरला अठरा झालीस तर त्याच तिमाहीत बसशील, २ ऑक्टोबरला झालीस तर थेट १ जानेवारी.

निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर किंवा मतदार सेवा पोर्टलवर अर्ज भर. फोटो, जन्मदाखला किंवा जन्मतारीख असलेलं दहावीचं प्रमाणपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागतो. पत्ता आई-वडिलांच्या नावावरचाही चालतो. नावाचं स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच ठेव, नाहीतर पुढे दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा लागतो. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) पडताळणीला येतात, तेव्हा घरात कुणी नसलं तर अर्ज रखडतो, म्हणून दिलेला मोबाइल चालू ठेव आणि संदर्भ क्रमांक जपून ठेव.

लातूर की पुणे, हे तूच ठरव, पण दोन्हीकडे नाव नको. पुण्याचा पत्ता दिलास तर कॉलेजचं बोनाफाइड आणि वसतिगृहाचं पत्र लागू शकतं, ते आधीच काढून ठेव. महापालिकेसाठी विधानसभेची मतदार यादीच प्रभागांत फोडतात, आणि ती एका ठरलेल्या तारखेला गोठवतात. त्यानंतर नाव आलं तर त्या निवडणुकीत मत देता येत नाही. म्हणून निवडणूक जाहीर व्हायची वाट बघत बसू नकोस.