आधी प्रत्येक पुस्तकाची तीन सालं काढा

तुमचा प्रश्न ओळखीचा वाटला म्हणून जरा सविस्तर लिहितोय. शहरं आणि समाज या विषयावरची पंधरा पुस्तकं तुम्ही जमवली, चार महिन्यांत सहा वाचली, वही भरली. आता त्या वहीत एक लेखक म्हणतो गर्दी हाच शहराचा प्राण, दुसरा म्हणतो गर्दीनेच माणसं मेली. कोणाचं धरायचं आणि पुढे काय वाचायचं, असं तुम्ही विचारलंय. याच जागी माझीही गाडी बरीच वर्षं अडली होती. तुमची यादी चांगली आहे, तिच्यात बदल सुचवत नाही. घोटाळा वहीत आहे.

तुम्ही वहीच्या पानाचा फोटो टाकलाय. त्यात जेन जेकब्जच्या 'द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज'पुढे १९९२ लिहिलंय, यान गेलच्या 'लाइफ बिटवीन बिल्डिंग्ज'पुढे १९८७ आणि एंगेल्सच्या कामगारवर्गावरच्या पुस्तकापुढे १८९२. तिन्ही सालं छापील प्रतीवरची आहेत, आणि पुस्तक समजून घ्यायला तिन्ही निरुपयोगी आहेत. जेकब्जचं पुस्तक १९६१चं. गेलचं मूळ डॅनिश पुस्तक १९७१चं. एंगेल्स १८४२ ते १८४४ मँचेस्टरला राहिला, पुस्तक जर्मनमध्ये १८४५ला आलं, इंग्रजी अनुवाद अमेरिकेत १८८७ला आणि लंडनमध्ये १८९२ला. त्या १८९२च्या प्रस्तावनेत एंगेल्स स्वतःच सांगतो की इथे वर्णन केलेली इंग्लंडची स्थिती बऱ्याच बाबतींत आता भूतकाळात जमा झाली आहे. म्हणजे १८९२ लिहून तुम्ही जे टिपून घेतलंय, ते १८९२ला खरं नव्हतं असं लेखकच सांगतोय.

म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तीन सालं लिहा: लेखकाने शहर पाहिलं ते साल, पुस्तक मूळ भाषेत पहिल्यांदा आलं ते साल, आणि हातातल्या प्रतीचं साल. लेख लिहिताना, वाद घालताना, दोन पुस्तकांची तुलना करताना पहिलं साल धरायचं. तिसरं फक्त पानांचे क्रमांक देण्यापुरतं.

दुसरं साल मुखपृष्ठामागच्या हक्कांच्या पानावर मिळतं. 'प्रथम प्रकाशन' ही ओळ बघा, आणि अनुवाद असेल तर मूळ नाव व मूळ साल. ई-पुस्तकात हे पान पुष्कळदा शेवटी ढकललेलं असतं. पहिलं साल शोधायला कष्ट पडतात. ते प्रस्तावनेत, आभारांत किंवा पद्धतीवरच्या परिशिष्टात दडलेलं असतं. कॅथरीन बू यांच्या मुंबईतल्या झोपडपट्टीवरच्या 'बिहाइंड द ब्यूटिफुल फॉरएव्हर्स'मध्ये ते शेवटच्या लेखकीय टिपेत आहे: नोव्हेंबर २००७ ते मार्च २०११, पुस्तक २०१२. घराबाहेर काढल्या जाणाऱ्या भाडेकरूंवरच्या मॅथ्यू डेझमंडच्या 'एव्हिक्टेड'मध्येही शेवटीच: अमेरिकेतल्या मिलवॉकीत २००८-०९, पुस्तक २०१६. या दोन्ही पुस्तकांत ते शेवटचं प्रकरण आधी वाचा. बू यांनी माणसांची खरी नावं ठेवली आहेत, डेझमंडने भाडेकरूंची आणि घरमालकांची बदलली आहेत. हे माहीत असलं की पुढचं प्रत्येक पान वेगळं वाचलं जातं.

फ्रेंच विचारवंत हेन्री लफेव्हरच्या बाबतीत हे सगळ्यात जास्त नडतं. 'शहरावरचा हक्क' हा मजकूर फ्रेंचमध्ये १९६८चा, इंग्रजीत पूर्ण आला १९९६ला. अवकाशाच्या निर्मितीवरचं पुस्तक १९७४चं, इंग्रजीत १९९१. इंग्रजी सालं धरली की तो बर्लिनची भिंत पडल्यानंतरच्या जगाबद्दल बोलतोय असं वाटतं, आणि मग त्याची अर्धी वाक्यं चुकीच्या शत्रूवर रोखलेली दिसतात.

माझी सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. आणि ती पक्की करायला एका मोठ्या ग्रंथालयाची सूची कारणीभूत झाली. तिथे पुनर्मुद्रणाचं सालच 'प्रकाशन वर्ष' या रकान्यात भरलेलं होतं, आणि दोन वेगळ्या आवृत्त्या एकाच नोंदीखाली. दुरुस्तीचा अर्ज दिला तर 'संगणकावर जे आहे ते बरोबर' एवढंच उत्तर. पुस्तकांची राखण करणाऱ्यांनीच सालाबद्दल इतकं बेफिकीर असावं याचा मला अजून राग येतो, कारण त्या सूचीवर विसंबून लोक प्रबंध लिहितात. तेव्हा मागणीपत्रावर नुसतं शीर्षक लिहू नका. आवृत्तीचं साल, प्रकाशक आणि अनुवादक तिन्ही लिहा.

आवृत्तीने काय बिघडतं? एबेनेझर हॉवर्डचं उद्यान-नगरांवरचं पुस्तक १८९८ला एका नावाने आलं आणि १९०२ला 'गार्डन सिटीज ऑफ टुमॉरो' म्हणून. दुसऱ्या वेळी जमीनमालकाचं भाडं हळूहळू संपवण्याची आकृती गळली, आणि शहरांच्या समूहाची मोठी आकृती कापून तुकड्यापुरती राहिली. जमीन समाजाच्या मालकीची हा त्याचा मूळ मुद्दा. तो फिका झाला, आणि बागांचं शहर एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. १९०२ची प्रत वाचून 'हॉवर्डला अर्थकारण कळत नव्हतं' असं म्हणणारे भेटतात, त्यांना ही आकृती दाखवावी लागते.

आता तुमच्या गर्दीच्या वादाकडे. तुम्ही तीन वेगळ्या गोष्टींना वहीत 'गर्दी' हा एकच शब्द वापरलाय. तो बंद करा. जमिनीच्या तुकड्यावर घरं किती, त्याला घनता म्हणा. एका खोलीत माणसं किती, त्याला दाटीवाटी. रस्त्यावरून तासाला माणसं किती जातात, त्याला वर्दळ. जेकब्ज घनता आणि दाटीवाटी यांत स्वतः फरक करते: तेव्हाच्या अमेरिकी जनगणनेच्या मोजमापात खोलीमागे दीड किंवा जास्त माणसं म्हणजे दाटीवाटी. तिला घनता हवी आहे, दाटीवाटी नको. बॉस्टनच्या नॉर्थ एंडमध्ये निव्वळ एकरी २७५ घरं होती आणि वस्ती जिवंत होती, हा तिचा दाखला. एंगेल्स जे सांगतो ते तळघरात कोंबलेली कुटुंबं आणि गटारांचा अभाव, म्हणजे दाटीवाटी. दोघांचं भांडण नाहीच. तुमच्या वहीने लावलेलं आहे.

'निव्वळ' या शब्दावर अडखळा. निव्वळ एकरात रस्ते धरत नाहीत, एकूण एकरात रस्ते, बागा सगळं येतं. एकाच वस्तीचे दोन आकडे त्यामुळे निम्म्याने वेगळे येऊ शकतात. हॉवर्डच्या कागदावरच्या आराखड्याचंच बघा: ६,००० एकर आणि ३२,००० माणसं. भागाकार केला तर एकरी पाच आणि काही, अगदी विरळ गाव. पण त्यातलं शहर १,००० एकरांचं आणि तिथे ३०,००० माणसं, म्हणजे एकरी ३०. बाकी ५,००० एकर शेतीचा पट्टा, त्यावर २,००० माणसं. हेक्टरमध्ये बदलताना एकरी आकड्याला २.४७ने गुणायचं. हे उलटं करणारे खूप आहेत.

आकड्याची व्याख्या न बघता तो उचलू नये, याचं दुसरं उदाहरण एरिक क्लायननबर्गचं 'हीट वेव्ह'. शिकागोतल्या जुलै १९९५च्या उष्म्यात ७३९ मृत्यू, असा आकडा तुम्हाला भेटेल. ते नेहमीच्या आठवड्यापेक्षा जास्तीचे मृत्यू आहेत, मृत्यूच्या दाखल्यावर 'उष्माघात' लिहिलेले नव्हेत. दोन्ही मोजण्या प्रामाणिक असतात, पण एका वाक्यात शेजारी ठेवता येत नाहीत.

केव्हिन लिंचच्या 'द इमेज ऑफ द सिटी'तली वाटा, कडा, विभाग, गाठी आणि खुणा ही मनातल्या शहराच्या चित्राची पाच अंगं सगळीकडे लावली जातात. १९६०चं पुस्तक. लांब मुलाखती बॉस्टनमध्ये सुमारे ३०, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसमध्ये प्रत्येकी १५. कल्पना उत्तम आहे, वापराच. पण 'सिद्ध झालंय' असं लिहू नका. जेकब्जनेही सुरुवातीलाच बजावलंय की माझी निरीक्षणं लहान गावांना किंवा उपनगरांना लावू नका. शीर्षकातच 'ग्रेट अमेरिकन सिटीज' आहे, तरी लोक ते लावतातच.

पुढे काय वाचायचं, याबद्दल माझं मत सांगतो. मी नगररचनाकार नाही, तेव्हा ते एका वाचकाचं मत म्हणून घ्या. विल्यम व्हाइटचं 'द सोशल लाइफ ऑफ स्मॉल अर्बन स्पेसेस' आधी घ्या. १९८०चं, पातळ, आणि केवळ वर्दळीबद्दल. न्यूयॉर्कमध्ये १९६१च्या नियमाने इमारतीपुढे मोकळा चौक ठेवणाऱ्याला जास्त बांधकाम मिळत होतं, पण पुष्कळ चौक ओस पडलेले. व्हाइटने कॅमेरे लावून पाहिलं आणि उत्तर साधं निघालं: बसायला जागा असेल तिथे लोक बसतात. मग नियमात आलं की ३० चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक हवी. ६,००० चौरस फुटांच्या चौकाला २०० फूट. उंची एक ते तीन फुटांत असली की कट्टाही चालतो. हे वाचून कुठल्याही चौकात अर्धा तास बसून मोजता येतं, म्हणून मी ते पहिलं ठेवतो.

रॉबर्ट कॅरोचं 'द पॉवर ब्रोकर', म्हणजे न्यूयॉर्कमध्ये रस्ते आणि पूल बांधणाऱ्या रॉबर्ट मोझेसचं चरित्र, हजार पानांच्या वर आहे. तुम्ही त्यात अडकलाय, तर पहिल्या पानापासून ओढू नका. सदतिसावं प्रकरण 'वन माइल' आणि लगेच पुढचं वाचा. एका द्रुतगती मार्गाचा एक मैल आणि त्याखाली गेलेली वस्ती. ते भिडलं तर मग मागे या. जेकब्ज आणि मोझेस यांची झुंज तिथे शोधू नका, जेकब्जवरचं प्रकरण छपाईआधीच कापलं गेलं. आणि बसगाड्या जाऊ नयेत म्हणून मोझेसने पूल मुद्दाम बुटके बांधले, ही त्यातली सगळ्यात जास्त उद्धृत होणारी गोष्ट अभ्यासकांनी पुढे वादात ओढली आहे. ती लिहाल तर वाद आहे असंही लिहा.

एकोणिसाव्या शतकात लंडनची गरिबी मोजणाऱ्या चार्ल्स बूथचे सतरा खंड वाचायचं मनातून काढा. त्याचे सात रंगांतले गरिबीचे नकाशे बघा, सगळ्यात गरिबांच्या काळ्यापासून श्रीमंतांच्या पिवळ्यापर्यंत. ते कागदावर मोठे छापून घ्या, ई-पुस्तकात गल्ल्यांची नावं वाचता येत नाहीत.

तुमच्या यादीत मराठी एकही नाही. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' घाला, १८६३चं. इंग्रजी अनुवाद २००८चा आहे, पण मराठी वाचकाने मूळच वाचावं. इथेही पाहिल्याचं साल सोडू नका: तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा शहरात ओतला जात होता आणि १८६५ची बाजाराची पडझड अजून व्हायची होती. माडगावकरांच्या लेखणीतला उत्साह त्या पडझडीच्या दोन वर्षं आधीचा आहे.

सहा वाचलेल्या पुस्तकांची सालं आधी दुरुस्त करा, एका संध्याकाळचं काम आहे. मग वहीतल्या नोंदी छपाईच्या नाही, पाहिल्याच्या सालाप्रमाणे पुन्हा लावा. जे दोन लेखक तरीही भांडताना दिसतील, त्यांची नावं इथे टाका, पानांच्या क्रमांकांसह. ई-पुस्तक असेल तर प्रकरणाचा क्रमांक द्या.