380 किलोचा हॉट टब गच्चीवर चढवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लोणावळ्यात दुमजली बंगला, गच्चीवर सहा जणांचा वापरलेला हॉट टब बसवायचा आहे. टब सात बाय सात फूट आणि तीन फूट उंच. विकणारा म्हणतो की वजन फक्त 380 किलो आहे, आठ-दहा माणसं लावली की जिन्यानं वर जाईल, आणि गच्चीवर हजार लिटरची टाकी आहेच, मग याला काय होतंय.

380 हा आकडा खरा असेल, पण तो टेंपोवाल्याच्या कामाचा आहे. स्लॅबला त्याच्याशी देणंघेणं नाही. या मापाच्या टबात साधारण 1300 लिटर पाणी मावतं, म्हणजे 1300 किलो. सहा माणसं, सरासरी 75 किलो धरली तर 450. झाकण वगैरे 30. बेरीज 2160 किलो, म्हणजे दोन टनांच्या वर. माणूस पाण्यात तरंगतो म्हणून त्याचं वजन धरायचं नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पाणी काठावरून बाहेर सांडत नाही तोवर माणसाचं सगळं वजन टबाच्या बुडावर, म्हणजे शेवटी तुमच्या स्लॅबवरच येतं.

टब परदेशी असेल तर कागदावरचे गॅलन तपासा. अमेरिकी गॅलन 3.785 लिटरचा, ब्रिटिश गॅलन 4.546 लिटरचा. 350 गॅलन म्हणजे एका हिशेबानं 1325 लिटर आणि दुसऱ्या हिशेबानं 1590. नुसत्या एककात अडीचशे किलोंचा फरक पडतो.

आता हे वजन कशावर येतं ते बघू. टबाखालची जागा 49 चौरस फूट, म्हणजे साडेचार चौरस मीटर. 2160 भागिले 4.55, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे 475 किलो. आपल्याकडे स्लॅबचं डिझाइन आयएस 875 या भारतीय मानकाच्या भाग 2 प्रमाणे होतं. त्यात वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी 1.5 किलोन्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे अंदाजे 150 किलो, असा लाइव्ह लोड (माणसं, सामान यांचं येतं-जातं वजन) धरलेला असतो. राहत्या खोल्यांसाठी 2 किलोन्यूटन, म्हणजे 200 किलो. भरलेला टब गच्चीच्या हिशेबाच्या तिप्पट वजन टाकतो. शिवाय गच्चीवरची पार्टी पांगते आणि रात्री खाली उतरते, पण टबातलं पाणी तिथंच मुक्कामाला असतं.

डिझाइनमध्ये सुरक्षेची मार्जिन असते हे खरं. ती कमी पडलेलं काँक्रीट, सरकलेली सळई आणि गंज यांच्यासाठी ठेवलेली असते, त्यामुळे ती आधीच खर्च झालेली आहे असं धरून चालायचं. त्यात लोणावळ्याच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा थर) असणारच. चार-पाच इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला 200 ते 250 किलो. जुना कोबा गळतो म्हणून त्यावर दुसरा थर टाकला असेल तर तेवढंच वजन पुन्हा. तो दुसरा थर मूळ आरसीसी ड्रॉइंगमध्ये नसतो.

टाकीशी तुलना तर पूर्णपणे चुकीची. टाकी बहुतेक वेळा जिन्याच्या खोलीवर असते, खाली चार कॉलम असतात आणि ते वजन पहिल्या दिवसापासून ड्रॉइंगमध्ये धरलेलं असतं. तिच्याखालचे विटांचे ओटेही बीमच्या रेषेत घेतात. तुमचा टब मात्र डोंगर दिसावा म्हणून गच्चीच्या मधोमध येणार, म्हणजे स्लॅब सर्वांत जास्त वाकतो नेमक्या त्या जागी.

"भरून तर बघू" हा प्रयोग करू नका. पाणी भरल्यावर काही झालं नाही, याचा अर्थ स्लॅब पास झाला असा होत नाही. कायमच्या वजनाखाली काँक्रीट महिनोन्‌महिने हळूहळू खचत राहतं. आधी कोब्याला केसासारखी चीर जाते, मग पावसाळ्यात खालच्या छताला ओल येते, मग सळईला गंज धरतो. खालच्या खोलीचं दार चौकटीत घासायला लागलं किंवा बीमजवळच्या प्लास्टरला तिरकी चीर दिसली, तर टब त्याच दिवशी रिकामा करायचा.

बाल्कनी किंवा पुढं आलेला छज्जा यांचा विचारही नको. तिथल्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या बाजूला असते. वरून झिरपलेलं पाणी सर्वांत आधी तिलाच खातं, आणि असा स्लॅब तुटताना फारशी आगाऊ सूचना देत नाही.

गच्चीच हवी असेल तर एकच रस्ता मला पटतो: स्लॅबवर वजन टाकायचंच नाही. खालच्या बीमच्या रेषेवर, शक्य तितकं कॉलमजवळ, लोखंडी आय-सेक्शनची चौकट टेकवायची आणि टब त्या चौकटीवर बसवायचा. चौकट आणि स्लॅब यांच्यात दोन-तीन इंच फट राहिली पाहिजे, म्हणजे खालून पाणी वाहून जाईल आणि वॉटरप्रूफिंग तपासता येईल. 150 मिमी उंचीचा असा आय-सेक्शन (बाजारात आयएसएमबी म्हणतात) मीटरला साधारण 15 किलोचा असतो. आडव्या-उभ्या मिळून चौकटीचेच 200 ते 250 किलो होतात, तेही बेरजेत घ्या. सेक्शन कुठला घ्यायचा हे फॅब्रिकेटरला ठरवू देऊ नका. स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारायचा प्रश्न असा: "या जागी चौकटीसकट दर चौरस मीटरला 530 किलो, कायमचे, चालतील का? या बीमवर आणि या कॉलमवर मिळून किती वाढतात? लेखी द्या." आरसीसी ड्रॉइंग सापडत नसेल तर तो रिबाउंड हॅमरनं काँक्रीट आणि कव्हर मीटरनं सळई तपासेल. नुसता पाय आपटून "मजबूत आहे" म्हणणारा इंजिनियर बदला.

लेव्हलचा मुद्दा यातच येतो. पाणी निघून जावं म्हणून गच्चीला उतार असतो. शंभराला एक उतार धरला तरी सात फुटांत 21 मिमी फरक पडतो. टब तसाच ठेवला तर एका काठाला पाणी जास्त आणि दुसरीकडे स्किमर (वरचं पाणी ओढून फिल्टरला देणारं तोंड) हवा ओढतो. मग मिस्त्री एका कोपऱ्याखाली टाइलचे तुकडे सारतो. सगळं वजन त्या तुकड्यांवर येतं, टबाचं बूड पिळतं आणि ॲक्रिलिकला तडा जातो. नाहीतर तो म्हणतो, "साहेब, लेव्हलचा कोबा मारून देतो." साडेसात बाय साडेसात फुटांवर सरासरी दोन इंच काँक्रीट म्हणजे 600 किलोंच्या वर! टबापेक्षा त्याची बैठक जड.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा करा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि जुलैत एका दिवसात 200 मिमी पडणं नवलाचं नाही. झाकण नसलेल्या टबाचं तोंड साधारण चार चौरस मीटर, म्हणजे अशा एका दिवसात त्यात 800 लिटर पाणी साठतं. तेव्हा "सध्या रिकामाच आहे, ठेवू गच्चीवर, इंजिनियरचं नंतर बघू" हे चालणार नाही. ठेवायचाच असेल तर झाकण आवळून बांधा आणि खालचा ड्रेन उघडा ठेवा.

माझं मत विचाराल तर टब अंगणात ठेवा. बैठक एकदा नीट केली की पुढचा ताप वाचतो. साडेआठ बाय साडेआठ फूट घ्या. वरची माती काढा, खाली मुरूम लागेपर्यंत खणा, सहा इंच सोलिंग (दगडांचा थर) दाबून घ्या आणि वर चार इंच एम-20 ग्रेडचं काँक्रीट ओता. 2.6 बाय 2.6 मीटर गुणिले 100 मिमी म्हणजे सुमारे 0.68 घनमीटर, त्याला सिमेंटच्या साधारण साडेपाच गोण्या लागतात. सळई 8 मिमीची, दोन्ही दिशांनी 200 मिमी अंतरावर, एकूण 25 किलोंच्या आसपास. सळई जमिनीवर अंथरून वर काँक्रीट ओतलं तर ती तळाशीच राहते आणि काही कामाची नसते. खाली कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे छोटे ठोकळे) द्या. बैठकीचा माथा जमिनीपेक्षा तीन-चार इंच वर हवा, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात टबाच्या पंपाच्या मोटारीत पाणी जाईल. पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान दहा दिवस पाणी मारा. टब दोन आठवड्यांनी ठेवला तरी चालेल, पाणी मात्र 28 दिवस झाल्यावर भरा.

पुणे-अहिल्यानगर (नगर) पट्ट्यात काळी माती असेल तर ती पूर्ण काढल्याशिवाय बैठक करू नका. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दोन वर्षांत टब एका अंगाला कलतो. कोकणात जांभा लागला तर काम सोपं. पेव्हर ब्लॉकवर थेट टब ठेवला की कडेचे ब्लॉक खचतात.

जागा ठरवताना मोटारीच्या पॅनलसमोर तीन फूट आणि बाकी तिन्ही बाजूंना दोन फूट मोकळे सोडा. टब भिंतीला चिकटवला तर एक गळका सांधा दुरुस्त करायला अख्खा टब उपसून हलवावा लागतो.

आता हलवण्याचं. जिना विसरा. टब आडव्या कुशीवर उभा केला तरी तो सात फूट लांब, सात फूट उंच आणि तीन फूट रुंद असतो. साडेतीन फुटी जिन्याच्या मधल्या वळणावर तो फिरतच नाही. दहा माणसांत 38-38 किलो हा हिशेब कागदावर ठीक आहे. जिन्यावर ओझ्याखाली चारच माणसं मावतात आणि खालच्या दोघांवर निम्म्याहून जास्त भार येतो. एकाचा पाय घसरला की बाकीच्यांना वाचवता येत नाही.

मुळात टब 380 किलोचा असला तर! वापरलेला टब उपसल्यावरही पायाच्या खळग्यात पाणी उरतं. एक चौरस मीटर तळ आणि चार इंच पाणी म्हणजे 100 किलो. छोट्या सबमर्सिबल पंपानं बहुतेक काढा, उरलेलं वेट व्हॅक्यूमनं ओढा, पाइपांचे ड्रेन प्लग उघडा. टब जुना गळका असेल तर आतला फोम पाणी पिऊन बसलेला असतो आणि त्याचं वजन कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. खालचं पॅनल उघडून फोममध्ये बोट खुपसा. ओला लागला तर भाव पाडा, नाहीतर सरळ सोडून द्या.

छोट्या हत्तीचा हौदा पाच फुटांच्या आसपास रुंद, त्यात सात फुटी टब आडवा बसत नाही. उभा बसतो, पण खंडाळ्याच्या घाटातल्या वळणांवर उभं ओझं झुलतं. त्यापेक्षा आयशर घ्या, हौद्याचं आतलं माप टेपनं घ्या आणि टब सपाट ठेवा. उभा करायचीच वेळ आली तर मोटारीच्या पॅनलवर उभा करू नका, ती बाजू सर्वांत कमजोर. मोटारी ज्या टोकाला येतील ते टोक जड असतं, तिकडे भक्कम गडी द्या. टबाचा काठ, जेट किंवा पाइप धरून कधीही उचलायचं नाही. पहारीनं बूड चार इंच उचला, खाली लाकडी ठोकळे द्या, मग दोन-तीन इंची जाड पाइप घालून ढकला. पाइप किमान चार हवेत, मागचा सुटला की पुढं आणायचा.

अंगणात कंपाउंडवरून किंवा गच्चीवर चढवायला हायड्रा (चाकांवरची क्रेन) बोलवावी लागेल. "12 टनी आहे, 400 किलोंना काय घाबरता" हे ऐकून निर्धास्त होऊ नका. ती क्षमता बूम (क्रेनचा लांब हात) आखूड आणि ओझं जवळ असतानाची. गच्चीच्या कठड्यावरून टब आत न्यायचा तर बूम लांब आणि ओझं दूर, तिथं क्षमता झपाट्यानं उतरते. ऑपरेटरकडे लोड चार्ट मागा आणि गेटपासून जागेपर्यंतचं अंतर त्याला आदल्या दिवशी मोजून दाखवा. वायररोप नको, कापडी बेल्ट दोन घ्या, तेही बुडाखालून. वर आडवा बार लावा, नाहीतर बेल्ट आत ओढले जाऊन काठ दाबून फोडतात. टबाला एक दोर बांधून एका माणसानं खालून तो झुलू नये म्हणून धरायचा. टबाखाली कोणीही उभं राहायचं नाही. गेटवरून विजेची तार जात असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय बूम वर करू देऊ नका.

आणि हायड्रा आत येण्याआधी सेप्टिक टँक, शोषखड्डा आणि जमिनीखालची पाण्याची टाकी कुठं आहे ते चुन्यानं आखून ठेवा. रिकामी हायड्राच काही टनांची असते आणि त्या झाकणांवरून जायला तिला कोणी परवानगी दिलेली नसते. पावसाळ्यात हिरवळीवरूनही नेऊ नका, चाकं रुतली की तिला बाहेर काढायला दुसरी बोलवावी लागते. ऑक्टोबर सरू द्या, जमीन वाळली की मग तारीख घ्या.