८२ टक्के आणि इतिहास?

"मॅडम, हिला जरा समजवा." करिअरचा सल्ला घ्यायला माझ्याकडे आलेले वडील अजून खुर्चीत टेकलेही नव्हते. मुलीला बारावी कॉमर्सला ८२ टक्के, आणि ती म्हणत होती बी.ए. करायचं, इतिहास घेऊन. सातारा जिल्ह्यातलं शेतकरी घर. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) "लोक विचारतात, मार्क कमी पडले का? काय सांगायचं?" त्यांचं खरं दुखणं हे होतं. नोकरीचा विषय नंतर निघाला.

तिला विचारलं, इतिहासच का? "मी वीस-बावीस गड केलेत." खरं सांगते, माझा उत्साह मावळला. गड चढणं हा छंद झाला. इतिहास शिकायचा म्हणजे तासन् तास बूड टेकून कागद वाचायचे. मग मी तिला काम दिलं: घरात जुना कागद असेल तर शोध आणि वाचून दाखव.

पंधरा दिवसांनी दोघं परत आले. तिनं जमिनीच्या जुन्या दस्ताची झेरॉक्स आणली होती, मोडीतली, म्हणजे मराठीच्या जुन्या जोडलिपीतली. बाराखडीचा तक्ता शेजारी ठेवून ती मला सांगू लागली, "आधी ओळभर रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवत जायचं. हात उचलतच नाहीत, त्यामुळे शब्द कुठं संपला तेच कळत नाही." चार संध्याकाळी घालवून दीड ओळ लागली होती. कंटाळलीस का, विचारलं. "चिडले," म्हणाली. मला हे उत्तर आवडलं.

मग वडिलांशी बोलले, काही न लपवता. नुसत्या बी.ए.वर नोकरी धरून चालू नका. प्राध्यापकी म्हणाल तर एम.ए., मग सेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा, आणि त्यानंतरही तासिका तत्त्वावर, म्हणजे तासामागे पैसे घेत, वर्षं काढणारे कितीतरी आहेत. स्पर्धा परीक्षेला उपयोग होतो, पण तेवढ्यासाठी कुणी इतिहास घेऊ नये. पदवीला लिपी किंवा भाषा जोडली तर मात्र चित्र बदलतं. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. ते काम हंगामी होतं, हेही सांगितलं. मराठेशाहीवर संशोधन करायचं तर मोडीच्या जोडीला फारसीही लागते. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम.ए. आहे, संग्रहालयशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत. आणि नाहीच जमलं, तर बी.एड. किंवा तीन वर्षांची वकिली कुठं पळून जात नाही.

कॉलेज पुण्यात बघा, एवढा आग्रह मी धरला. पेशवे दफ्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, तिथंच, आणि इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० साली उभं केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळही तिथंच. पुस्तकातला इतिहास कुठंही शिकता येतो, कागद मात्र जिथं आहेत तिथंच जावं लागतं.

"पाच वर्षांनी हातात किती पडतील?" वडिलांनी विचारलं. आकडा मी दिला नाही. दुसरं वर्ष संपलं की दोघं परत या, तेव्हा हिशोब मांडू, म्हटलं.

ते गप्प बसले. मग झेरॉक्स स्वतःकडे ओढून त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. तिनं पेन्सिलीनं खाली लिहिलं होतं : विहीर.

"ही कुठली गं? वरच्या शेतातली का?"

"अजून तिथवर पोचले नाही, बाबा."

"मग वाच की पुढं."