कंपनीचे चार्जिंग जाळे आणि ‘पुढे मिळणारे’ स्वयंचालन यांसाठी आगाऊ पैसे भरावेत का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: तुम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहता, टेस्लाची मॉडेल वाय आणि आपल्याकडच्या कंपन्यांच्या दोन-तीन विजेच्या गाड्या तुमच्या मनात आहेत. ‘कंपनीचे स्वतःचे चार्जिंग जाळे’ आणि ‘आज पैसे भरा, पुढे अपडेटमधून गाडी स्वतः चालू लागेल’ या दोन गोष्टींसाठी जादा रक्कम मोजावी का, आणि गाडी विकल्यावर त्या पुढच्या मालकाला मिळतात का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी नेरुळला राहतो आणि विजेचीच गाडी वापरतो. माझे मत असे की चार्जिंगच्या जाळ्यासाठी गाडीची निवड बदलू नये आणि स्वयंचालनाच्या सॉफ्टवेअरसाठी आज एक रुपयाही आगाऊ भरू नये. गाडी तुमच्या मालकीची होते, पण या दोन्ही गोष्टी परवानग्या आहेत, आणि परवानगी घेताना ती कशाशी बांधलेली आहे, गाडीशी, तुमच्या खात्याशी की कंपनीच्या मर्जीशी, हे आधी विचारायला हवे.

चार्जिंगविषयी आपण जे वाचतो-पाहतो त्यातले बरेचसे अमेरिकेतले असते, आणि तिथली अडचण आपल्याकडे नाही. तिथे टेस्लाचा प्लग वेगळा आणि इतरांचा वेगळा होता. त्यामुळे टेस्लाच्या सुपरचार्जरवर, म्हणजे तिच्या जलद चार्जिंग केंद्रांवर, प्रवेश मिळणे हीच मोठी सोय ठरली. फोर्डने मे २०२३मध्ये तो प्लग स्वीकारण्याची घोषणा केली आणि त्यानंतर एकेक कंपनी त्याच वाटेने गेली. भारतात आजच्या मोटारींना जलद चार्जिंगसाठी सीसीएस-२ हा एकच प्लग असतो आणि इथे आलेल्या टेस्लालाही तोच आहे. म्हणजे वाशीतल्या एखाद्या मॉलमधली टाटा पॉवर, जिओ-बीपी किंवा स्टॅटिक या चार्जिंग कंपन्यांची गन (चार्जरच्या केबलचे गाडीत बसणारे टोक) टाटाच्या, महिंद्राच्या, ह्युंदाईच्या आणि टेस्लाच्याही गाडीत बसते. आपल्याकडचा अडथळा अ‍ॅपचा आहे. प्रत्येक कंपनीचे अ‍ॅप निराळे, वॉलेट निराळे, आणि प्रत्येक वॉलेटमध्ये थोडी थोडी रक्कम अडकून पडलेली. प्रवासाला निघण्यापूर्वी वाटेवरच्या दोन-तीन कंपन्यांची अ‍ॅप घरीच उतरवून, चालू करून ठेवली की हा त्रास बराच कमी होतो. घाटात नेटवर्क नसताना ओटीपीची वाट पाहत उभे राहण्याची वेळ येत नाही.

टेस्लाचे भारतातले पहिले जलद चार्जिंग केंद्र ४ ऑगस्ट २०२५ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात सुरू झाले. त्यात २५० किलोवॉटपर्यंतचे चार जलद चार्जर होते आणि त्यांचा दर प्रतियुनिट २४ रुपये होता. ११ किलोवॉटचे चार संथ चार्जर १४ रुपये दराने होते. पुढची केंद्रे लोअर परळ, ठाणे आणि नवी मुंबई येथे करण्याचेही तेव्हा जाहीर झाले. तिथे गन लावली की गाडी ओळखली जाते आणि पैसे आपोआप वळते होतात. ही सोय खरी आहे आणि एकदा अनुभवली की इतर अ‍ॅप वापरणे जिवावर येते. पण ठाण्यात राहणाऱ्या माणसाला तिचा उपयोग किती? रोजच्या येण्याजाण्यासाठी गाडी रात्री इमारतीतच चार्ज होणार. पुणे साधारण दीडशे किलोमीटरवर आहे, ते सध्याच्या बहुतेक गाड्यांना एका चार्जमध्ये जमते. जाळ्याची गरज कोल्हापूर, रत्नागिरी, नागपूर अशा प्रवासात भासते, आणि त्या वाटांवर सर्वांसाठी खुल्या असलेल्या चार्जरवरच तुमची मुख्य भिस्त राहील. तेव्हा एखाद्या कंपनीचे जाळे किती मोठे, यापेक्षा तुमच्या नेहमीच्या मार्गावरचे खुले चार्जर चालू स्थितीत असतात का, हे अ‍ॅपमधल्या ताज्या अभिप्रायांवरून पाहणे अधिक उपयोगाचे.

चार्जरवर लिहिलेल्या किलोवॉटच्या आकड्यालाही फार भुलू नका. गाडी जेवढा वेग स्वीकारते तेवढीच वीज तिच्यात जाते. साठ किलोवॉट घेणारी गाडी अडीचशेच्या चार्जरला लावली तरी ती साठनेच भरणार. अनेक ठिकाणी एका चार्जरला दोन गन असतात आणि शेजारी दुसरी गाडी लागली की वीज वाटली जाते. बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली की वेग मुद्दाम उतरवला जातो, म्हणून रांग असताना शंभर टक्क्यांपर्यंत थांबणे मागच्यांवर अन्याय करण्यासारखे आहे. सार्वजनिक चार्जिंगच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही दराची तुलना करताना धरावा.

तुमचे खरे चार्जिंग जाळे म्हणजे तुमच्या पार्किंगमधला एक पॉइंट. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या विद्यमान वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते, आणि हवी तर महावितरणकडून त्यासाठी स्वतंत्र मीटरही घेता येतो. घोडबंदरच्या उंच इमारतींत खरा प्रश्न तळघरातल्या पार्किंगपर्यंत केबल नेण्याचा, सोसायटीच्या मंजूर भाराचा (वीज कंपनीने मंजूर केलेल्या कमाल वीजवापराचा) आणि समितीच्या संमतीचा असतो. गाडीचे बुकिंग करण्याआधी हा विषय समितीच्या बैठकीत मांडा. सॉफ्टवेअरसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतला थोडासा भाग या केबलवर आणि ७.२ किलोवॉटच्या चार्जरवर खर्च केला, तर त्याचा लाभ पहिल्या रात्रीपासून मिळेल.

आता स्वयंचालन. टेस्ला जुलै २०२५मध्ये भारतात आली तेव्हा ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ हा पर्याय तिने ६ लाख रुपयांना ठेवला होता, पण त्यातले गाडी स्वतः चालवण्याचे काम इथे सुरू नव्हते. अमेरिकेत ते चालते तिथेही कंपनीने २०२४मध्ये नावापुढे ‘देखरेखीखाली’ असा अर्थ देणारा शब्द जोडला, म्हणजे स्टिअरिंगसमोर बसलेल्या माणसाने सतत लक्ष ठेवायचेच. स्वयंचालन मोजण्याच्या अभियंत्यांच्या शून्य ते पाच अशा श्रेणीत ही दुसरी पातळी आहे. टाटा, महिंद्रा, ह्युंदाई यांच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये मिळणारी अडास (चालकाला ब्रेक, वेग आणि मार्गिका सांभाळायला मदत करणारी) यंत्रणाही त्याच पातळीत मोडते. क्षमतेत फरक मोठा असला तरी जबाबदारी दोन्हीकडे चालकाचीच. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३मध्ये चालकांच्या रोजगाराचे कारण देऊन, विनाचालक गाड्या भारतात येऊ देणार नाही असे जाहीरपणे सांगितले होते. राजकीय भूमिका बदलू शकतात, पण त्या बदलतील या भरवशावर सहा लाख अडकवून ठेवणे मला पटत नाही.

‘आत्ता घेतले नाही तर पुढे महागेल’ हा विक्रेत्यांचा आवडता युक्तिवाद आहे आणि त्याची परीक्षा अमेरिकेत होऊन गेली आहे. तिथे हे सॉफ्टवेअर सप्टेंबर २०२२मध्ये १५,००० डॉलरपर्यंत चढले, वर्षभरात १२,०००वर आले आणि एप्रिल २०२४मध्ये ८,०००वर. त्याच महिन्यात १९९ डॉलरची मासिक वर्गणीही ९९वर आली. किंमत वाढेल म्हणून घाई केलेल्यांचे त्यात नुकसानच झाले. यंत्रसामग्रीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २०१६पासून आपल्या सर्व गाड्यांमध्ये पूर्ण स्वयंचालनाला पुरेल अशी सामग्री बसवलेली आहे, असे कंपनी सांगत होती. जानेवारी २०२५मध्ये एलॉन मस्क यांनीच मान्य केले की ज्यांनी सॉफ्टवेअर विकत घेतले त्यांच्या ‘हार्डवेअर ३’ या जुन्या पिढीच्या सामग्रीच्या गाड्यांतील संगणक बदलावा लागेल. ज्यांनी गाडी विकून टाकली, त्यांना त्या पैशांतून काय मिळाले, हा प्रश्न मला रास्त वाटतो.

पुढच्या मालकाविषयी तुम्ही विचारले, त्यालाही तिथलाच दाखला आहे. २०२०मध्ये एका ग्राहकाने विक्रेत्याकडून घेतलेल्या जुन्या मॉडेल एसमधील अशी सशुल्क सुविधा टेस्लाने दूरस्थपणे काढून टाकली. बातम्या झाल्यावर ती परत दिली. टेस्लाने सुरुवातीच्या काही गाड्यांना दिलेले अमर्याद मोफत चार्जिंग गाडीबरोबर पुढे जात असे, नंतरच्या काही योजनांमध्ये ते पहिल्या मालकापुरतेच राहिले. आपल्याकडेही ‘वर्षभर मोफत चार्जिंग’सारख्या सवलती दिल्या जातात. त्या गाडीच्या चासी क्रमांकावर आहेत की मोबाइल क्रमांकावर, मुदत कधी संपते आणि कोणकोणत्या चार्जरवर चालतात, हे विक्रेत्याकडून ई-मेलवर मागून घ्या. तोंडी आश्वासनाला इथे काही अर्थ नाही.

अडास हवीच असेल तर ती आज गाडीत चालू असलेली घ्या आणि टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या सांगण्यावरून सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. पाम बीच मार्गावर किंवा अटल सेतूवर पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल छानच चालतो; पट्टे ठळक असतात आणि मध्ये कोणी घुसत नाही. तुमच्याकडे मेट्रोच्या कामाने वळवलेल्या मार्गिका, पुसलेले पट्टे आणि दोन गाड्यांमधल्या जागेत शिरणाऱ्या रिक्षा-दुचाक्या आहेत. तिथे यंत्रणा अचानक ब्रेक लावते आणि मागून येणारा टँकर तेवढ्या चटकन थांबेलच असे नाही. संध्याकाळी सातच्या सुमारास कापूरबावडीहून गायमुखपर्यंत गाडी न्या, अर्ध्या वाटेत अडास चालू आणि अर्ध्या वाटेत बंद ठेवा, आणि मग वरच्या व्हेरिएंटचे जादा पैसे द्यायचे की नाही ते ठरवा.