सोलापुरात नवीन टीव्ही घेतलाय, पण चेहरे लालभडक दिसतात. सेटिंग काय ठेवू?

पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’वर असणार, तो आधी ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर न्या, निम्मं काम तिथंच होतं. व्हिव्हिड हा दुकानाच्या झगझगीत उजेडात टीव्ही उठून दिसावा म्हणून असतो. मी इथंच टीव्ही बसवायची कामं करतो, बहुतेक घरी हेच बदलावं लागतं. मग कलर टेंपरेचर, म्हणजे पांढरा किती पिवळट किंवा निळसर दिसतो ते, ‘वॉर्म’ करा. दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, वाटू द्या. कार्यक्रम ज्या पांढऱ्यावर तयार होतात तो साधारण ६५०० केल्विनचा (केल्विन हे त्याचं माप), आणि वॉर्म त्याच्या जवळ जातं. शार्पनेस कमी करत जा. अक्षरांच्या कडेची पांढरी रेघ गेली की थांबा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, मोशन स्मूदिंग मधल्या फ्रेम स्वतः घुसडतं आणि सिनेमा टीव्ही मालिकेसारखा करून टाकतं. ते बंद. (क्रिकेटला चालू ठेवलंत तरी चालेल.)

एक मात्र: एप्रिलच्या दुपारी खिडकीतून आपलं सोलापुरी ऊन आत येत असेल, तर सिनेमा मोड अंधारा वाटणारच. तेव्हा बॅकलाइट, म्हणजे पडद्याचा उजेड, वाढवा. काही कंपन्या त्यालाच ब्राइटनेस म्हणतात. वाढवल्यावर काळे केस राखाडी दिसायला लागले, तर हात बॅकलाइटऐवजी काळा रंग उजळवणाऱ्या सेटिंगवर पडलाय.